तळ्याकाठचा तपकिरी कोट

त्या दिवशी सकाळपासून धुकं जमिनीला चिकटून बसलं होतं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. ऊन येतंय येतंय म्हणता दुपार कलली, तरी तळं कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळेना. असल्या गारठ्यात कोण जातं तळ्यावर? पण मुलगा नि सून रविवारचे मुद्दाम न्यायला आलेले, नात हाताला धरून ओढतेय, तेव्हा म्हातारा शिंपी निघाला.

ती बाग दिवसापुरतीच उघडी असे. अंधार पडायच्या आत पहारेकरी शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढी. हिवाळ्यात तर तिथे चिटपाखरू नसे. काठावर होड्या उपड्या घातलेल्या, झोपाळ्याच्या साखळ्यांवर दंव.

"बाबा, आम्ही गाडीतून डबा नि सतरंजी आणतो," मुलगा म्हणाला. "भिंगरीकडे लक्ष ठेवा. मागच्यासारखं नको."

मागे एकदा नातीला शाळेतून आणताना म्हातारा भलत्याच रस्त्याला लागला होता. तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद. बाबांनी आता एकट्यानं राहू नये, ते घर बंद करावं. घर म्हणजे काय, एक मशीन आणि एक उजेडाची खिडकी. पण ते गेल्यावर म्हाताऱ्याकडे उरणार काय?

"अरे, हिचा कोट मी शिवलाय. डोळे मिटून ओळखीन."

"मिटू नका हो, आहेत तेवढे उघडेच ठेवा," सून हसत म्हणाली, आणि दोघं धुक्यात गेली.

कोट जाड तपकिरी लोकरीचा, गेल्याच आठवड्यात शिवलेला. पोर वाढती, म्हणून म्हाताऱ्यानं बाहीला आत चांगली रुंद मुडप घातली होती. पुढच्या हिवाळ्यात ती उसवली की बाही लांब.

भिंगरी नावासारखीच. घटकाभरही एका जागी ठरेना. होड्यांच्या मागे पळाली.

"लांब जाऊ नकोस गं."

"इथेच आहे, आजोबा."

मग काही ऐकू येईना. नुसतं पाणी काठाला चाटत होतं, आणि कुजक्या पानांचा वास. म्हाताऱ्यानं हाका मारल्या. धुक्यानं त्या गिळल्या. काठाकाठानं चाचपडत तो पुढे गेला, तर पाण्याच्या अगदी कडेला तपकिरी कोट पाठमोरा उभा.

"चल बाई. तुझा बाप आता मला माझ्या घरात राहू द्यायचा नाही."

हात हातात घेतला. लोखंडासारखा गार. पोर मुकाट चालू लागली. म्हाताऱ्याचं बोट सवयीनं बाहीवर गेलं. काज त्याचंच, टाकेही त्याचेच. पण लोकर झिजलेली, आणि मुडप उसवून बाही लांब केलेली. जुन्या घडीची रेघ बोटाला स्पष्ट लागत होती.

"मुडप कुणी उसवली गं?"

"तुम्हीच ना, आजोबा..." आवाज अगदी हळू. "आता तीही पुरत नाही..."

म्हाताऱ्याला काही उमगेना. तेवढ्यात समोर गाडीचे दिवे दिसले. मागच्या सीटवर सतरंजी पांघरून भिंगरी बसली होती, संत्रं सोलत.

"आजोबा, मी केवढ्या हाका मारल्या. तुम्ही ओ देईनात, मग मी आईकडे आले."

म्हाताऱ्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ कुणाचा तरी हात धरल्यासारखी वळलेली होती. आत कुणी नव्हतं. तळवा ओला होता, चिखलाचा वास येत होता.

"बाबा, कुणाशी बोलत होता?"

"स्वतःशीच रे." त्यानं भिंगरीची बाही चाचपली. मुडप शाबूत होती, एक टाकाही हललेला नव्हता.

खरं सांगितलं तर मुलगा आजच घराला कुलूप घालील, असं त्याला वाटलं. मुलानं सुनेकडे पाहिलं. डबा तसाच गाडीत परत गेला.

दिवेलागणीला त्यांनी त्याला त्याच्या घराच्या फाटकाशी सोडलं. काचेतून हात हलवणारी भिंगरी वळणापर्यंत दिसत होती. म्हातारा तळमजल्यावरच्या शेजारणीच्या दारात गेला. बाहेर जाताना तो किल्ली तिच्याकडेच ठेवी. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली,

"अहो काका, किल्ली मघाशीच वर गेली. तुमची भिंगरी घेऊन गेली ना. केवढी उंच झालीय हो पोर... मी विचारलं, आजोबा कुठे, तर म्हणाली, ते आता तळ्यावरच असतात."