दुधरामचा पंखा

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी एकच्या सुमारास, धनवंता कोहमाऱ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरली. हातात कापडी पिशवी, पिशवीत पितळी गडवा आणि त्याच्या तोंडाला बांधायला कोरं फडकं. धाब्यावर तिनं पाणी मागून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि राजगढीकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये जाऊन बसली.

शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं जाऊन राहिली, बाई?"

"आज्याले घरी आणाले," धनवंता म्हणाली.

यात तिला काही वावगं वाटलं नाही. बावन्न वर्षांची बाई. अर्धं आयुष्य वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरण्यात गेलेलं. हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकणं तिला माहीतच नव्हतं.

गोष्ट अशी होती. धनवंताच्या घरात, माणूस मेला त्या जागची माती आणून त्याला घरच्या देवांत मिळवतात. तेवढं झालं नाही तर तो वाटेतच राहतो. तिचा आजा दुधराम तसाच राहिला होता. वीज नव्हती त्या काळी तो राजगढीत पंखा ओढायचा. दरबाराच्या छताला झालरीचा भला मोठा कापडी पंखा होता. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या कोठीत जायची आणि कोठीत बसून दुधराम ती दिवसभर ओढायचा. अशाच एका मे महिन्यात दोरी हातात असतानाच तो गेला. गढीच्या माणसांनी त्याला कुठं पुरलं, हे घरी कुणी सांगितलं नाही. धनवंताचा बाप सुकराम तेव्हा सहा वर्षांचा होता. आता तो शहाऐंशीचा होता. महिनाभरापासून त्याचं अन्न सुटलं होतं, पण जीव सुटत नव्हता.

त्यातच धनवंताची मुलगी खुशबू कॉलेजच्या सहलीत गढी पाहून आली. गढीचं आता संग्रहालय झालं होतं. खुशबूनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सुकरामच्या खाटेजवळ बसून दाखवला. दरबारातला पंखा हलत होता. दोन हेलकावे लांब, एक आखूड. पुन्हा दोन लांब, एक आखूड.

सुकराम उठून बसला.

"हा माह्या बाचा हात होय," तो म्हणाला. "डावं मनगट अस्वलानं फोडलं होतं त्याचं. तिसऱ्या ओढीले हात पुरत नव्हता." त्यानं पडद्यावरच्या पंख्याला बोट लावलं. "अजून सोडलं नाही त्याले... धनवंता, त्याले आण."

म्हणून ती आली होती.

गढीच्या दाराशी खुर्ची टाकून भैयाजी बसला होता. तीस वर्षांपासूनचा राखणदार. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर तो हसला नाही, हे तिला बरं वाटलं.

"दोरी तर पंचवीस साल पहले काढली," तो हळूच म्हणाला. "लोकांना मी सांगतो, हवा से हिलता है."

"आन् खरं काय?"

"खिडक्या बंद केल्या की जास्त हालते, ताई."

दरबारात थंडावा होता, पण तो बरा नव्हता. जुन्या मखमलीचा, वटवाघळांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास एकमेकांत मिसळलेला. भिंतीवर तलवारी, कोपऱ्यात पेंढा भरलेला वाघ, समोर चौथऱ्यावर लाकडी आसन, त्यावर राजाची गादी. वर पंखा हलत होता. दोन लांब, एक आखूड. धनवंता त्याच्या खाली जाऊन उभी राहिली, पण वारा तिला लागला नाही. गादीच्या मखमलीची लव मात्र प्रत्येक झोक्याला लवत होती.

भैयाजीनं मागच्या कोठीचं कुलूप काढलं. "मी आत येत नाही," तो म्हणाला.

कोठीला खिडकी नव्हती. भिंतीतल्या भोकाची कड दोरीनं घासून घासून गुळगुळीत झालेली. त्याखाली जमिनीत एक खळगा होता, माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी बसला की पडतो तसा. आणि घामाचा वास... ताजा. धनवंता खळग्यासमोर मांडी घालून बसली.

"आजा..."

भिंतीच्या पायथ्याकडून, अगदी तिच्या गुडघ्याजवळून, कोरड्या घशाचा आवाज आला.

"बदली आला का?"

"हो म्हणू नका, ताई!" दाराबाहेरून भैयाजी कुजबुजला. "एक पाहुणा गमतीत म्हणाला होता. त्याच्या तळहाताची सालं निघाली. झोपेतसुद्धा हात ओढत होता... आठ दिवस."

धनवंताच्या तळव्यांना काहीतरी खरखरीत लागलं. अंबाडीची दोरी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण मुठी आपोआप आवळत होत्या. खांदा पुढे ओढला जात होता. तिनं दात दाबून धरले आणि एकेक बोट उलगडलं. आधी उजव्या हाताचं, मग डाव्याचं.

"बदली... आला का?"

"नाही. बदली येणार नाही. काम सरलं, आजा. राजा मेला. त्याचा पोरगाही मेला. मी सुकरामची पोरगी. सुक्या तुही वाट पाहून राहिला."

वरचा पंखा अडखळला.

"सुक्या... जेवला का?"

धनवंता खळग्याकडे वाकली. "नाही जेवत. तू आल्याबिगर नाही जेवत तो."

"दोरी सोडली तर... मारतेत."

"कोणी मारत नाही. मी आहो ना. सोड."

दरबारात एक लांब हेलकावा ऐकू आला. मग दुसरा. तिसरा आलाच नाही.

तिनं खळग्यातली मूठभर माती गडव्यात घेतली, फडकं बांधलं आणि मागं न बघता बाहेर पडली. घरी पोचेपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. मांडीवरचा गडवा ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा गरम होता.

सुकरामनं गडव्यावर हात ठेवला. मग पेज मागितली. अर्धी वाटी प्यायला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो झोपेतच गेला. घरच्यांनी बापलेकाला एकत्रच देवांत मिळवलं.

आठ दिवसांनी, दुपारी तीनला, भैयाजीचा फोन आला.

"पंखा बंदच आहे, ताई. त्या दिवसापासून हालला नाही."

"बरं झालं."

"पण गादी ओली होऊन राहिली." त्याचा आवाज अगदी खाली आला. "रोज याच वेळेला. पाणी नाही ते, घाम होय. मी उन्हात वाळवतो, दुसऱ्या दिवशी फिरून तेच... ताई, आता तिथं कोणाले उकडून राहिलं?"

धनवंतानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. दोरीचे वळ अजून लाल होते.

"उकडू दे त्याले!" ती मोठ्यानं म्हणाली.

"हळू बोला... मी दरबारातच उभा आहो."

धनवंतानं फोन कानाशी घट्ट धरला. आणि फोनमधून तिला स्पष्ट ऐकू आलं. जड अंगाचा माणूस आसनावरून उठताना करकरतं, तसं गादीखालचं लाकूड करकरलं.