मागच्या सीटवरचा बंकट

बंकट मला पहिल्यांदा भेटला तो कपिलधारच्या फाट्यावर, एसटी चुकलेला. उपकेंद्रातली नर्सची ड्युटी उरकून मी घरी निघाले होते. अंगात त्राण नव्हतं, बोलायची इच्छा तर त्याहून नव्हती. आमच्याच गावचा दिसला म्हणून थांबले आणि म्हटलं, आता तूच चालव स्कूटी. तर हा गडी दोन पावलं मागे सरकला.

"येती मला गाडी... पण चालवायची न्हाई."

सतराव्या वर्षी काकाची मोटारसायकल दामटत नारायणगडाच्या जत्रेतून येताना त्याने गावातल्या म्हाताऱ्या शहादेवबाबांना उडवलं होतं. म्हातारा वाचला, पण लंगडा झाला. बंकटच्या वडिलांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि याला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळणं बंद झालं. हे सगळं त्याने पहिल्याच दिवशी मागे बसून सांगून टाकलं. मला तेच आवडलं.

मग डेअरीतलं काम संपवून तो रोजच फाट्यावर दिसू लागला. एसटी रोज कशी चुकते, असं मी विचारलं.

"चुकवावी लागती," तो म्हणाला.

मी आरशात बघून हसले. आरसा मी केव्हाच त्याच्या चेहऱ्याकडे वळवून ठेवला होता.

परवा मात्र मला ताप भरला. लागोपाठ चार दिवस लसीकरण, त्यात रविवारी चारचाकीवाले पाहुणे मला बघायला येणार. फाट्यावर पोचले तेव्हा हँडल धरवेना. रस्ता रिकामा, गाव तीन किलोमीटर. म्हटलं, चालव ना, कोण बघतंय?

"लायसन मिळस्तवर चालवणार न्हाई, असा शहादेवबाबाला शबूद दिलाय, अंजू."

मला रडूच आलं, रागाचं. त्याने मला सीटवर बसवलं, बंद गाडीचं हँडल धरलं आणि ढकलत निघाला. दमलेली शेळी घरी आणावी तसा, सावकाश. चढावर त्याला धाप लागली.

"पंचवीस पुरी व्हायला चार महिने हायत..." तो खाली बघत म्हणाला. "थांबशील का?"

त्याच्या मनगटावर हात ठेवून मी तशीच बसून राहिले.

घरी माझे वडील, आबा, दारातच उभे होते. गाडी बंद पडली का, त्यांनी विचारलं.

"न्हाई आबा, गाडी चांगली हाय," मी म्हणाले. "रविवारच्या पावण्यांला नगं म्हणून कळवा. मला ह्योच पायजे."

आबांनी बंकटकडे बघितलं. घामाने निथळत तो अजून हँडल धरूनच उभा होता.

"आगुदर पाणी दे त्याला," आबा म्हणाले.