अंगठ्याएवढं वळण

विषय : गावाच्या नकाशातील पायवाटेचे वळण पूर्ववत करण्याबाबत.
संदर्भ : वळणावरच्या घरातील बाईंचा अर्ज.

उपरोक्त विषयी हकिगत अशी, की शंभर वर्षांपूर्वी नकाशा काढणाऱ्याचा अंगठा पट्टीच्या कडेबाहेर आला होता. पेन्सिल त्याला वळसा घालून गेली. सरकारी रेघ ती. गाव मुकाट्याने वळून चालू लागलं. वळणामागून बांध आले, विहीर आली आणि वळणाच्या कुशीत बाईंच्या आजेसासऱ्यांनी घर बांधलं.

यंदा नकाशा नव्याने उतरवताना मोजणीदाराला ती चूक दिसली. कचेरीत त्याला 'गुण्या' म्हणत. सुताराच्या गुण्यासारखा काटकोनात, आणि तितकाच लाकडी. त्याने रेघ सरळ केली आणि चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी अर्ज आला. चौथ्या दिवशी, भर दुपारी, नकाशा काखेत मारून तो घर पाहायला गेला.

"या भाऊ. फक्त मधोमध उभे राहू नका," बाई म्हणाल्या. कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या.

"सासरे कुठायत?" अर्जातली नावं पडताळत गुण्याने विचारलं.

"परवा मधेच झोपले होते. उठवायला गेले तर फासळ्या मोडलेल्या... अंगभर धूळ."

तेवढ्यात मागच्या भिंतीतून पावलं आली. अनवाणी, बेताची, बाजाराला निघाल्यासारखी. मागोमाग गुरांचे खूर. दिसत कोणीच नव्हतं. घामाचा, शेणाचा वास तेवढा अगदी जवळून गेला. जमिनीचे पोपडे उडत होते.

"शंभर वर्षं वळसा घालून दमलेत मेले," सासूबाई पुटपुटल्या. "आता जवळची वाट सापडलीय."

"आणि रोज रुंद होतेय... आता हा कोपराच उरलाय," बाई कुजबुजल्या. "घर सोडावं म्हणते."

गुण्याच्या खिशात पेन्सिल होती. वळण परत द्यायला एक क्षण पुरला असता. पण मग चूक त्याच्या नावावर लागली असती.

"सोडू नका," तो म्हणाला. "ताबा गेला की अर्ज निकालात निघतो."

"बरं. मग थांबतो आम्ही... पण लवकर करा, भाऊ."

महिन्याने शिपाई तपासणीला गेला. त्याचा अहवाल फायलीत आहे : दार ठोठावले, कोणी उघडले नाही. परंतु आत पुष्कळ माणसे एकाच दिशेने चालत असल्याचा आवाज आला. पैकी दोन बायका मोजणीदाराची चौकशी करीत होत्या. सबब, अर्जदारांचा ताबा कायम आहे.

अर्ज विचाराधीन आहे.