आठवी कोय

विंचूरला खंडेराव मामांकडे गेल्यावर रोज विहिरीत डुंबायचं, असं सायली, तिचा भाऊ महेश आणि धाकटा ललित यांनी नाशिकहून निघतानाच ठरवलं होतं. प्रत्यक्षात आठवडाभर तिघं कांदे निवडत बसली होती. मे महिन्याचं ऊन, अंगाला कांद्याचा वास आणि पाठीचे नुसते तुकडे. सुट्टी म्हणे!

त्या रविवारी कुसामामींनी आठ गावठी आंब्यांपैकी सात माचवून, पिळून रस केला. आठवा, आपल्या वाटचा आंबा मामांनी चोखायला ठेवायला सांगितला होता. रसाच्या कोया ललितने पेरायला म्हणून धुऊन ओट्यावर वाळत घातल्या. मग जो तो जागा मिळेल तिथे आडवा झाला. खंडेराव मामा उशिरा येऊन एकटेच जेवले.

सायलीला जाग आली ती चिरक्या आवाजाने. कांदे साठवायची चाळ राखणारी चिंगी कुत्री मान ताणून अंगणात उभी होती. तोंड उघडं, लाळ गळत होती, जीभ निळसर पडत चालली होती. श्वास आत जाता जात नव्हता.

"फिट आली तिला," मामा म्हणाले आणि बुक्कीने कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. घरात कुणालाही काही झालं तरी त्यांचं औषध हेच. कुसामामी तिच्या तोंडात पाणी ओतायला तांब्या घेऊन आल्या.

सायलीने तांब्या अडवला. फिट आली असती तर चिंगी आडवी पडून पाय झाडत राहिली असती. ही तर पंजाने तोंड ओरबाडत होती. तेवढ्यात ललित ओट्याकडे बघून पुटपुटला, "कोया सातच आहेत."

महेशने मामांच्या ताटाकडे पाहिलं. त्यात सालं होती, कोय नव्हती. पण मामा काही बाजूला होईनात. शेवटी ललितच म्हणाला, "मामा, हा कांदा फिका आहे. चाळीतला जुना, तिखट आणा ना."

ते त्यांना पटलं. मामा लगबगीने चाळीकडे गेले.

महेशने जबडा उघडून धरला. घशात पिवळं काहीतरी दिसत होतं. सायलीची बोटं निसटली, कोय आणखी आत जाईल म्हणून तिने हात मागे घेतला. शाळेतल्या शिबिरात गुरांच्या डॉक्टरांनी दाखवलेलं तिला आठवलं. महेशने मागचे पाय उचलून डोकं खाली केलं. सायलीने दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात मारलं. चार वेळा मारलं, काही नाही. चिंगीचे पाय लुळे पडायला लागले. सायलीला रडूच फुटलं, तरी तिने बरगड्यांच्या मागे पोटाखाली मूठ धरली आणि वर, पुढे दाबली. एकदा. दोनदा.

टप्पकन कोय बाहेर पडली.

चिंगीने खरखरत श्वास ओढला आणि सायलीच्या पायावर मान टाकली. मामा कांदा घेऊन परतले, ती कोय पाहिली आणि हातातला कांदा खाली ठेवला.

"म्याच फेकली व्हती तिच्यापुढं," ते म्हणाले.

त्यांनी चिंगीला लगेच गुरांच्या डॉक्टर यादवांकडे नेलं. घशाला थोडी इजा होती, पण जीव वाचला होता. पोरांनी पाणी ओतू दिलं नाही हे फार बरं केलं, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मामांनी ते दोनदा सांगितलं.

मग ते उठले. अंगणातली कोय धुतली आणि ओट्यावर ललितच्या रांगेत नेऊन ठेवली.

"मोज रे आता," ते म्हणाले.