हरणाबाईला गोरी केली

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर कळंबला जा आणि माझ्या मावसभावाला, राजशेखरला विचारा. फोटो स्टुडिओ आहे त्याचा. आधी शिव्या घालेल, मग सांगेल.

गेल्या माघातली अमावस्या. हरणाबाईचा दहावा दुसऱ्या दिवशी होता. तिचा मुलगा वैजनाथ स्टुडिओत आला.

"शेखरभाऊ, फोटोत मायला जरा गोरी करा. पाव्हणे येणार हायती."

राजशेखरचं डोकंच फिरलं. तो फोटो त्यानंच काढला होता. रंग खरा यावा म्हणून तिच्या हातात पांढरा कागद देऊन, व्हाइट बॅलन्स नीट जुळवून. काळी, तुकतुकीत हरणाबाई. होती तश्शी!

जन्मभर घरच्यांनी तिला 'काळे' म्हणूनच हाक मारली. मेल्यावर तरी सोडा की रे बाईला!

पण गिऱ्हाईक पडलं. त्यानं दात खाऊन कॉम्प्युटरवर रंग उजळला.

स्क्रीनवर गोरी...

प्रिंट काढली तर काळीच!

पुन्हा काढली. काळीच.

मागं कुणीतरी 'च्यक' केलं...

मागं कुणी नव्हतं.

राजशेखर इरेला पेटला. रंग पार टोकाला नेला. लुगडं फिकं पडलं, पण प्रिंट गोरी निघाली.

दुसऱ्या दिवशी मांजरा नदीच्या काठी पिंड ठेवला. शेजारी फोटो.

झाडावर कावळेच कावळे...

एकही खाली येईना. साधी कावकाव नाही.

वैजनाथ पुढं झाला. "माय, दैवशालाचं लगीन म्या लावतो."

कावळा हलला नाही.

"तुजी गाय इकत न्हाय."

ऊन डोक्यावर आलं. तशी त्याची धाकटी बहीण दैवशाला उसळली.

"दादा, ही आपली माय हाय व्हय? कोन बाई आणून बसवलीस? लाज वाटती का मायची?"

तिनं तिथूनच राजशेखरला फोन लावला. "माजी माय आणा!"

तो गाडीवर खरा फोटो घेऊन आला. फोटो ठेवला मात्र...

कावळा शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. हरणाबाई सुटली. गोरा फोटो नदीत सोडला.

आता राजशेखरनं व्हाइट बॅलन्ससाठी कुणाच्याही हातात पांढरा कागद दिला, की त्या माणसामागं एक गोरी बाई दिसते...

फिक्या लुगड्यातली.

"माजा दहावा कवा?" म्हणते.

परवा त्यानं वैजनाथची गचांडीच धरली. "तुझ्यापायी झालं हे! कर तिचा दहावा!"

वैजनाथ रडायलाच लागला.

"आमच्या घरीबी तेच इचारती, भाऊ. करतो की... पर पिंड कुनाच्या नावानं ठिवू?"