बाबा 'तू' म्हणाले तो दिवस

ही गोष्ट खरी आहे.

शपथ घेऊन सांगितली असती, पण त्या वर्षी आम्ही देवालाच चर्चमधून बाहेर काढलं होतं. तेव्हा शपथेवाचून ऐका. पटलं तर पटलं.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. सकाळचे दहा वाजले होते आणि ऐंशी माणसं डोळे उघडे ठेवून बसली होती.

त्यांच्यातला मी एक.

माझं नाव लाझार तुर्नुआ. फ्रान्समधल्या मोर्व्हां भागाच्या जंगलात लाकूड तोडतो. ज्या वर्षी पॅरिसात राजाचं डोकं उतरलं, त्याच वर्षाचा डिसेंबर महिना. गावावर तीन दिवस धुकं बसलं होतं.

आधी एक सांगून ठेवतो. मी राजाचा माणूस नाही. त्या डिसेंबरच्या चार वर्षं आधी हवेलीच्या अंगणात आम्ही मालकांचे, म्हणजे गावच्या सरदाराचे, सारावसुलीचे कागद जाळले, तेव्हा पहिला पलिता माझा होता. त्या दिवशी मी नाचलो होतो. पुढे राजा गेला आणि गावानं आपला कारभार आपल्या हाती घेतला. दर दहाव्या दिवशी चर्चमध्ये सभा भरायची. सभापती कोण, तर पिंपं बांधणारा फिलिबेर! मालकांनी त्याला हवेलीच्या स्वयंपाकघरापुढे पाऊल टाकू दिलं नसतं.

मला हे सगळं आवडत होतं. आजही आवडतं.

त्या हिवाळ्यात सभेनं एक ठराव केला. गावात कुणी कुणाला 'आपण' म्हणायचं नाही. 'तुम्ही'सुद्धा नाही. सगळे नागरिक, सगळे सारखे, सगळ्यांना 'तू'.

तरुण पोरांची चंगळ झाली. लाकडी बूट कोरणारा कोला माझ्या बाबांना रस्त्यात मुद्दाम गाठायचा.

"काय रे ब्लेझ, जेवलास का?"

बाबा मान लववून म्हणायचे, "जेवलो. आपलं झालं?"

लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो.

बाबांनी अडतीस वर्षं हवेलीत चाकरी केली होती. काम एकच. मालक जेवायला आले की त्यांची खुर्ची मागे ओढायची. बसले की पुढे सारायची. उठले की पुन्हा ओढायची. अडतीस वर्षं हेच.

मालक देश सोडून पळताना पकडले गेले. पॅरिसात त्यांचं डोकं उडवल्याचा कागद आला, तो सभेत वाचला गेला. हवेलीतलं सामान लिलावात गेलं. ती खुर्ची मात्र गावानं ठेवून घेतली. चर्चमध्ये वेदी होती तिथे मांडली. सभापतीला बसायला.

कागद आला त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी सुरुवात झाली.

माझ्या बायकोनं, क्लोदीननं, सूप वाढलं होतं. बाबा अचानक उठले. टेबलापाशी एक जादा खुर्ची होती, ती मागे ओढली. थोडं थांबले... आणि हलकेच पुढे सारली.

"बाबा, हे काय?"

"मालक आलेत. फार दमलेत रे."

"म्हातारपण," मी क्लोदीनला म्हणालो.

पण आमचा कुत्रा... तो चुलीपाशी पडून असायचा. तो उठला, शेपूट पोटात घालून बाहेर गेला. पुन्हा उंबरा चढला नाही.

दोन दिवसांनी घरात वास यायला लागला.

मालक केसांना पिठाची सुवासिक पावडर लावायचे, तिचा वास. आमच्याकडे भाकरीला पीठ नव्हतं. पावडर कोण लावणार?

मी रोज झोपताना ती खुर्ची टेबलाखाली सारायचो.

सकाळी ती ओढलेली असायची...

हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण कोलानं खिडकीतून बाबांचे शब्द ऐकले. "मालक, आपण बसावं." झालं! दुपारपर्यंत गावभर झालं की पॅरिसचा कागद खोटा आहे आणि ब्लेझनं मालकाला घरात लपवलंय.

पळालेल्या सरदाराला लपवणाऱ्याला एकच शिक्षा होती. मरण.

झडती झाली. पेंढा उपसला, खुराडं उचकलं. कुणी नाही. फिलिबेरनं बाबांना समोर बसवलं. फिलिबेर मनानं वाईट नव्हता. लहानपणी बाबांनी त्याला हवेलीतली उरलेली हाडं चोखायला दिली होती.

"ब्लेझ, तू कुणाशी बोलतोस?"

"मालकांशी. आपल्याला दिसत नाहीत?"

"अरे बाबा, मला आपण म्हणू नकोस! जीव जाईल तुझा."

मग फिलिबेरनंच वाट काढली. येत्या सभेत बाबांनी सगळ्यांसमोर चर्चमधल्या मालकांच्या खुर्चीला 'तू' म्हणायचं. म्हटलं तर म्हातारा भ्रमिष्ट आहे, पण गावाचा आहे, असं सगळे मानतील. घरी जाईल.

"आणि नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि तो निघाला.

हातात तीन दिवस होते.

तीन दिवस आम्ही त्यांना शिकवत होतो. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला एक अक्षर!

"बाबा, म्हणा. तू."

"तू."

"आता खुर्चीकडे बघून."

बाबा बघायचे. ओठ हलायचे. "आ... आपण..."

"अहो, शेळीला तू म्हणता ना?" क्लोदीन रडकुंडीला येऊन म्हणाली. "मग शेळी समजा की!"

"शेळीला राग येत नाही, पोरी."

तिसऱ्या दिवशी मी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले. मी बापाच्या अंगाला हात लावला. ते कुजबुजले, "हळू बोल, लाझार. ते ऐकताहेत."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे... दगडी फरशीवर...

टक्.

मी वळलो. कुणी नव्हतं.

क्लोदीनच्या हातातला वाडगा खाली पडला. म्हणजे तिनंही ऐकलं होतं. पण आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर ते खरं झालं असतं.

सभेच्या दिवशी सकाळी आम्ही चर्चमध्ये गेलो. आत इतकी थंडी की प्रत्येकाच्या तोंडून वाफ निघत होती. बायका वरच्या सज्जात, पुरुष खाली बाकांवर. मी पहिल्या रांगेत. शाळामास्तर नोएल वही उघडून बसला होता. सभेची नोंद तो ठेवायचा.

फिलिबेर खुर्चीतून उठून बाजूला झाला.

"नागरिकांनो, ब्लेझ बोलला की लगेच मत घेऊ. नेहमीसारखंच. तो दोषी वाटत असेल त्यानं उभं राहायचं. वाटत नसेल त्यानं बसून राहायचं. कळलं?"

"कळलं!" कोला मागून ओरडला. "ब्लेझ, बघ हं, खुर्ची चावेल!"

हशा झाला. मला बरं वाटलं. हसणारे लोक कुणाला मारत नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं.

बाबा पुढे गेले. खुर्चीपासून दोन हातांवर थांबले. हात सवयीनं तिच्या पाठीकडे गेला... आणि मागे आला.

मी मनातल्या मनात तेच एक अक्षर घोकत होतो. म्हणा बाबा, म्हणा, म्हणा.

बाबांनी मान वर केली. ती इतकी ताठ मी जन्मात पाहिली नव्हती.

"तू," ते म्हणाले.

मग मोठ्यानं. "तू ऊठ. ही खुर्ची आता गावाची आहे."

सज्जात कुणीतरी हुंदका दिला. क्लोदीनच असणार. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. कोलासुद्धा ओरडला, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. वाचले होते बाबा. वाचले!

फिलिबेर हसला. हात वर करून म्हणाला, "चला, मत घेऊ. दोषी वाटत असेल त्यानं उभं राहावं."

कुणीही हललं नाही. ऐंशी माणसं बसून होती. नोएलनं लेखणी शाईत बुडवली.

आणि तेव्हा...

खुर्ची मागे सरकली.

स्वतःहून. दगडावर लाकूड घासल्याचा लांबलचक आवाज झाला. बाबांचा हात तिला लागला नव्हता. मी बघत होतो.

मग...

टक्.

टक्.

मालकांच्या काठीला लोखंडी टोक होतं. गावातल्या प्रत्येक पोराला तो आवाज पाठ होता. ऐकू आला की उठायचं, टोपी काढायची, मान खाली घालायची. नाही उठलं तर तीच काठी नडग्यांवर बसायची. बापजाद्यांपासून हेच चालत आलं होतं.

टक्... आवाज खुर्चीपासून बाकांकडे आला.

पहिली रांग उठली. मग दुसरी. मग तिसरी. आवाज जसजसा पुढे सरकला तसतशी माणसं उठत गेली. टोप्या हातात, माना खाली. राजाचं डोकं उतरलं म्हणून ज्यांनी दारू वाटली होती, ती माणसं. कोला उठला. फिलिबेरनं टोपी छातीशी धरली होती.

"बसा!" बाबा ओरडले. "अरे बसा, मूर्खांनो! बसा रे!"

कुणी बसलं नाही.

आवाज दारापाशी गेला. थांबला. बाहेर धुक्यात काहीच दिसत नव्हतं...

आता एकाही माणसानं तोंड उघडलं असतं तर! मी मत द्यायला उठलो नाही, असं एकानं म्हटलं असतं तर! पण मग पुढचा प्रश्न आला असता. मग उठलास कुणासाठी? मेलेल्या सरदाराला मुजरा केला, असं कबूल करणाऱ्याला मरणाच्या गाडीत बाबांच्या शेजारी बसावं लागलं असतं.

सगळे एकमेकांकडे बघत होते.

नोएलनं सभेवरून नजर फिरवली. मग त्यानं लिहिलं, 'दोषी. एकमताने.'

बाबा रागावले नाहीत. ते फक्त आमच्याकडे बघत राहिले, एकेकाकडे, सावकाश. ती नजर माझ्यावर आली तेव्हा टोपी माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी नेलं. महिन्याभरात ते गेले.

गाडी गेली त्याच दिवशी मी नोएलच्या घरी गेलो. त्याच्यापुढे गुडघे टेकले.

"मास्तर, ते पान फाड. बाबांनी म्हटलं होतं रे 'तू'. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"खुर्ची सरकली, ती पाहिलीस?"

त्यानं वही माझ्यापुढे सरकवली आणि लेखणी माझ्या हातात दिली.

"पान फाडता येत नाही. पण एकाचं मत बदललं तर एकमत राहत नाही. मग खटला परत सभेपुढे आणावा लागेल. तुला लिहिता येतं. तू का उठलास ते लिही, खाली सही कर. मी आत्ता घोडा काढून गाडी गाठतो."

मी लेखणी शाईत बुडवली.

'मी, लाझार तुर्नुआ,' एवढं लिहिलं.

घरी क्लोदीन होती. पोटुशी होती.

आणि माझ्या मागे, मास्तरच्या रिकाम्या खोलीत, कुणीतरी माझं लिहून होण्याची वाट बघत उभं होतं. पावडरीचा वास येत होता... नोएल माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. तो पांढराफटक पडला होता. सावकाश खुर्चीतून उठत होता.

मी लेखणी खाली ठेवली.

त्या वहीत माझं नाव आजही तसंच आहे. पुढे काही नाही.