भोगीच्या रात्री मिळालेला करंट

जामनेरहून आत्याकडचं लोणचं आणायचं, एवढंच काम होतं. बरणी घेऊन मी आणि नवरा निघालो तर आत्याच्या दारातच गाडी रुसली. शेवटी आमच्या शेजारच्या फैजभाईंना नशिराबादहून त्यांची गाडी घेऊन यावं लागलं. त्यांनी तारा जोडल्या, आमच्या गाडीला करंट दिला, आणि आम्ही एकामागून एक घरी आलो. गाडीची बॅटरी बदलायची आहे हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण नव्या सुनेचं आणि गाडीच्या बॅटरीचं बोलणं बंद पडल्यावरच ऐकू येतं.

जेवणं झाली. फैजभाई ओट्यावर चहाला थांबले. माझे चुलतसासरे आधारनाना खाटेवर बसले होते. आयुष्यभर धुळे-शिंदखेडा पट्ट्यात त्यांनी काळीपिवळी चालवली. गोष्ट सांगण्याआधी ते तंबाखू मळतात, आणि गोष्ट जितकी खोटी तितकं मळणं जास्त चालतं, असा माझा हिशेब. त्या रात्री पुडी त्यांनी काढलीच नाही.

"फैज, रस्त्यावर कोणी करंट दिला तर त्याची गाडी चालू आहे का, ते आधी बघतोस ना?" त्यांनी विचारलं.

"नाना, गाडी चालू नसेल तर तो देईल कुठून?"

"हां. कुठून." नाना म्हणाले, आणि मग सांगायला लागले. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

*

माझ्याबरोबर गाडी चालवायचा तो उत्तम, त्याचा मुलगा निंबा. शिंदखेड्याला कचेरीत आहे. उत्तम गेला, घरात राहिली त्याची बायको शेवंताबाई, निंबा आणि सून वृषाली. वृषालीची दोन बाळं सव्वा महिन्याच्या आत गेलेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा शेवंताबाईनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलला आणि नाव ठेवलं उखर्डू. म्हणजे हे टाकलेलं पोर आहे, याच्याकडे कोणी बघू नका. खरं नाव ठरलेलं होतं, पण वर्ष भरेपर्यंत ते मोठ्यानं घ्यायचं नाही.

"निंबादादाला चाललं?" मृणालीनं विचारलं. ही माझी नणंद, बारावीला आहे.

कसलं चालतंय! कचेरीत पेढे वाटले तेव्हा साहेबानं नाव विचारलं, तर हा कानापर्यंत लाल झाला.

तर दोन वर्षांपूर्वीची भोगीची रात्र. थंडी अशी की कुत्री राखेत शिरलेली. बाळ तीन महिन्यांचं. संध्याकाळपासून ताप, साडेदहाला डोळे फिरवायला लागलं. निंबानं गाडी काढली. तिघं आणि बाळ, धुळ्याला दवाखान्यात. चिमठाणे मागे पडलं, सोनगीर यायचं होतं. बाळाला उलटी झाली म्हणून याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं, दिवे चालू ठेवले. दुपटं बदललं. चावी फिरवली.

कट्... कट्.

बॅटरी बसलेली. त्यात गाडी ऑटोमॅटिक. धक्का मारून चालू होत नाही. जास्त पैसे देऊन लोकांनी धक्क्याची सोय घालवली! फोनला रेंज नाही. आजूबाजूला नुसता हरभरा.

मग मागून एक गाडी आली. आली म्हणजे... दिवे दिसले, आणि ती पुढ्यात, तोंडाला तोंड लावून उभी. एक माणूस उतरला. डोक्यावरून घोंगडी. हातात तारा होत्या. निंबानं बोनेट उघडलं. लाल चिमटा, काळा चिमटा, त्याने बरोबर लावले.

"दुसरं टोक?" फैजभाईंनी विचारलं.

ते कुठं लावलं, निंबाला दिसलं नाही. अंधारात गेलं. आणि त्याच्या गाडीचा आवाज नव्हता, फैज. इंजिन बंद होतं.

तो माणूस खिडकीशी आला. मागच्या सीटकडे बघून म्हणाला, "पोऱ्यानं नाव काय शे?"

शेवंताबाई चटकन बोलली, "उखर्डू."

"मार चावी."

कट्.

"नाव काय शे?"

शेवंताबाईनं पुढे वाकून निंबाचा खांदा धरला. "सांगू नको. निंबा, सांगू नको रे."

बाळ हुंकारत होतं. श्वास तुटत होता. निंबा ओरडला, "आई, पोरगं चाललंय माझं! आणि तुला तुझ्या उकिरड्याची पडली!" आणि त्यानं नाव सांगितलं. खरं. पूर्ण. बापाच्या नावासकट, आडनावासकट, जसं कचेरीत सांगतात तसं.

काय होतं ते नाव, मी घेणार नाही.

चावी फिरली. गाडी पहिल्या फटक्यात चालू.

"आते बंद करू नका," तो म्हणाला. तारा गुंडाळल्या. निंबानं गाडी पुढे काढली आणि आरशात बघितलं. मागे रस्ता होता. फक्त रस्ता.

*

नाना थांबले. आत फ्रीज घरघरत होता, तोही नेमका तेव्हाच थांबला. मृणाली माझ्याकडे सरकली. मी कोणाकडे सरकणार? नवी सून. तशीच बसून राहिले.

*

गाडी पळत होती. अशी कधी पळाली नव्हती. दिवे एवढे लख्ख की बाभळीचे काटे मोजावेत. वृषाली म्हणाली, "ताप उतरला हो!" निंबा रडायलाच लागला आनंदानं.

थोडं पुढे गेले.

शेवंताबाईनं बाळाचे पाय हातात घेतले. मग हात. मग कपाळ.

"निंबा. पोऱ्या गार पडी ऱ्हायना." पोर गार पडत चाललेलं.

दिवे अजून लख्ख झाले.

"गाडी बंद कर."

"बंद केली तर परत चालू होणार नाही, आई."

"बंद कर!"

त्यानं गाडी थांबवली. चावी फिरवली. चावी बाहेर काढली.

इंजिन चालू.

बाळाचा आवाज बंद.

वृषाली नुसती बाळाच्या तोंडाशी कान लावून...

शेवंताबाई उतरली. अनवाणी. उजेडात गाडीपुढे गेली. बोनेटवर दोन्ही हात ठेवले. आणि मोठ्यानं म्हणाली, "त्यानं नाव सोड. मन्हं ले. शेवंता." त्याचं सोड, माझं घे, म्हणत होती.

मग नवऱ्याचं नाव घेतलं. बापाचं घेतलं. आडनाव. गाव.

इंजिन एकदा अडखळलं.

परत सुरू झालं.

ती मागे येऊन बसली. पदर नीट केला. म्हणाली, "चल आते."

सोनगीर गेलं तेव्हा बाळ रडलं. असं रडलं... वृषाली सांगते, जन्मलं तेव्हाही असं रडलं नव्हतं. अंग परत गरम. ताप परत आला, आणि हे दोघं देवाला हात जोडतात, ताप आला म्हणून!

दवाखान्याच्या फाटकात गाडी आपोआप बंद पडली. निंबा बाळाला घेऊन पळाला, मागे वृषाली. डॉक्टरांनी सुई लावली. बाळ वाचलं. आता चालतं, बोलतं. सगळे उखर्डूच म्हणतात. निंबासुद्धा.

निंबा आईला सांगायला बाहेर आला. ती काचेला डोकं टेकून बसलेली. त्यानं हात धरला.

गार.

डॉक्टर म्हणाले, वय, थंडी, धसका. असेल.

सकाळी मी शिंदखेड्याला पोचलो. आंघोळ घातली. तिरडीवर घेतलं. पायाचे अंगठे बांधायचे म्हणून दोरा मला दिला, आणि मी खाली बसलो.

दोन्ही अंगठ्यांवर दात उमटले होते. वरून चार, खालून चार. चिमट्याचे. रुतलेले, काळेनिळे. आणि उजव्या नखाखाली लाल प्लास्टिकचा एक बारीक कपचा अडकलेला.